विलीनीकरण मध्येच सोडू नका

रशियाने 1995 मध्ये ‘स्व्याझइन्व्हेस्ट’ ही सरकारी होल्डिंग कंपनी उभी केली, तेव्हा तिच्या छत्राखाली प्रांतोप्रांतीच्या सत्तरहून अधिक दूरध्वनी कंपन्या होत्या. 1997 मध्ये तिचा पाव हिस्सा 187.5 कोटी डॉलरना विकला गेला. लिलावात हरलेल्या धनदांडग्यांनी आपल्या ताब्यातली माध्यमे सरकारमधील सुधारणावाद्यांवर सोडली. त्या संघर्षात राज्यकारभारच वेठीला धरला गेला. त्या पाव हिश्श्यात पैसा गुंतवणारे अमेरिकी गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस 2004 मध्ये मोठा तोटा सोसून बाहेर पडले. तोवर प्रांतिक कंपन्यांच्या सात विभागीय कंपन्या झाल्या होत्या. त्या 2011 मध्ये ‘रोस्टेलिकॉम’ या सरकारी नियंत्रणाखालील दूरसंचार कंपनीत विलीन झाल्या आणि 2013 मध्ये खुद्द होल्डिंग कंपनीही.

एवढी मोठी सरकारी कंपनी ग्राहकाला बांधून घालण्याचा धोका असतोच, आणि त्यावर कठोर नियामक हवा. पण रशियाने हाती घेतलेले काम तडीस नेले. आपल्याकडे बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या विलीनीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2019 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. हजारो कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली; विलीनीकरण मात्र एमटीएनएलच्या कर्जापाशी अडले. त्या कर्जाचा निकाल केंद्र सरकारने आता लावावा आणि एमटीएनएलच्या मुंबईतील ग्राहकांना स्पष्ट उत्तर द्यावे.