बक्षिसी आधी, बिर्याणी मागाहून

बक्षिसी म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. काम झाले, मन खूश झाले, हात खिशात गेला. पोस्टमनला दिवाळीची पोस्त मिळे ती वर्षभर पत्रे आणल्यावर. "ही घे पोस्त, आता पत्रे आण," असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

जेवण मागवायच्या ॲपने हा क्रम उलटा केला. बिर्याणी अजून शिजायची आहे, ती कोण आणणार हे देवालाही ठाऊक नाही, आणि मोबाइल विचारतो, टिप किती? वीस, तीस की पन्नास? अहो, कशाबद्दल? आम्ही बँकेतली माणसे. चेक वटल्याशिवाय पैसे मोजत नाही.

पार्सल आणायला आपण स्वतः गेलो, तर प्रश्नच मिटला. रांगेत आपण उभे, सांबाराची गळकी पिशवी आपल्याच हातात. बक्षिसी खरे तर आपल्याला मिळायला हवी. गल्ल्यावरच्या टिपच्या डब्याला लांबूनच नमस्कार करावा.

पण जो दारात येतो, त्याची गोष्ट वेगळी. भांडुप पश्चिमेला वस्ती डोंगराकडे चढत गेली आहे. गाडी खाली लावायची आणि भर पावसात पायऱ्या मोजत वर यायचे. जिथे लिफ्ट आहे, तिथल्या काही सोसायट्या ती त्याला वापरू देत नाहीत. त्याला आधी पाणी विचारा, मग तोंड बघून हातात पैसे द्या. 'सुट्टे नाहीत' ही सबब यूपीआयने केव्हाच संपवली. "नंतर देतो" म्हणणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांचा हात नंतर खिशात जातो, तो मोबाइल ठेवायला!

मात्र बक्षिसी वेगळी, पगार वेगळा. हॉटेलांनी बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. म्हणजे बक्षिसी गिऱ्हाइकाच्या खुशीची. आणि ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, असे सांगणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. म्हणजे त्याच्या म्हातारपणाची, अपघाताची काळजी मालकाच्या खात्यात. ती नोंद आपल्या वीस रुपयांच्या नावे टाकू नये. आमच्या बँकेत याला खतावणीतला घोटाळा म्हणतात.