पेरणारे, उपटणारे आणि आपण



या अंकाचे संपादकीय दोन शेतांबद्दल आहे. एक आपल्यापैकी अनेक जण राहतात त्या इंग्लंडमधले आणि दुसरे आपण जिथून आलो त्या महाराष्ट्रातले.

26 जुलै 1999 रोजी पहाटे नॉर्फोकमधल्या लिंग गावच्या एका शेतात ग्रीनपीसचे 28 कार्यकर्ते शिरले. तिथे जनुकीय बदल केलेला, म्हणजे जीएम मका चाचणीसाठी लावलेला होता. ठरावीक तणनाशक फवारले तरी हे पीक मरत नाही. कार्यकर्त्यांनी मका तोडायला सुरुवात केली, शेतमालक धावून आले, पोलिस आले आणि सर्वांना अटक झाली. त्यांचे नेते लॉर्ड पीटर मेल्चेट एकेकाळी मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री होते. त्यांनाही कोठडीत राहावे लागले. आरोप दोन होते: चोरी आणि मालमत्तेचे नुकसान. एप्रिल 2000 मध्ये ज्यूरीने चोरीचा आरोप फेटाळला, पण नुकसानीच्या आरोपावर तिचे एकमत झाले नाही. सप्टेंबरमध्ये नॉरिचच्या न्यायालयात पुन्हा खटला चालला आणि सर्व जण निर्दोष सुटले. ‘आम्ही हे केलेच नाही’ असा त्यांचा बचाव नव्हता. शेजारच्या शेतांतली पिके या मक्याच्या परागांपासून वाचवण्यासाठी आम्ही हे केले, आणि 1971 चा कायदा अशा रास्त कारणाला मान्यता देतो, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे शेत अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावचे. 10 जून 2019 रोजी तिथे शेतकरी संघटनेच्या हाकेवरून हजारावर शेतकरी जमले आणि त्यांनी एचटीबीटी कापसाचे बियाणे सर्वांदेखत पेरले. या कापसाला सरकारची मान्यता नव्हती. विदर्भात त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. त्याची पाकिटे गुपचूप विकली जात होती हे सर्वांना माहीत होते, आणि 2017 मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी चौकशी समितीही नेमावी लागली होती. गावोगाव चोरून होणारी पेरणी इथे जाहीरपणे झाली, एवढाच फरक. थोड्याच दिवसांत बारा शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता.

पहिल्यांनी जीएम पीक उपटले, दुसऱ्यांनी पेरले. दोघांनीही कायदा दिवसाढवळ्या मोडला आणि आपले नाव लपवले नाही.

आता आपल्याबद्दल. आपल्या वर्तुळात लिंगचा विषय निघाला की लोक कौतुकाने बोलतात. अकोलीचा विषय काढला की सूर बदलतो: ‘यामागे बियाणे कंपन्या असणार’, ‘कायदा हातात घेणे चुकीचेच’. आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे नेमके उलट असते. पेरणारे त्यांना धाडसी वाटतात आणि उपटणारे अडाणी. दोन्हीकडे सत्याग्रह या शब्दाचा अर्थ तो कोण करतो आहे हे पाहून ठरतो. पुरोगामी म्हणवणाऱ्यांना हे शोभत नाही.

मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करतो, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो. जनुक बदलला म्हणून पीक विषारी होत नाही आणि ते जादूचेही होत नाही. प्रत्येक पिकाचा, प्रत्येक गुणधर्माचा वेगळा विचार करावा लागतो. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीपासून त्याने दिलासा दिला, पण पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. एचटीबीटीमुळे निंदणीचा खर्च वाचतो हे खरे. ती निंदणी करणाऱ्या बाईची मजुरी जाते हेही खरे. या प्रश्नांना ‘विज्ञान’ किंवा ‘निसर्ग’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. म्हणूनच यावर भांडण होणार, आंदोलन होणार आणि कधीतरी कायदाही मोडला जाणार. अशा वेळी शासनाने कसे वागावे, हा आजचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे: शिक्षा कृतीला असावी, मताला कधीही नसावी. कृतीची शिक्षाही प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीच्या मापात असावी. आणि आंदोलक कोणत्या बाजूचा आहे, यावरून ते माप बदलू नये.

माझ्यासारख्याला हे म्हणणे सोपे नाही, कारण उपटले जाते ते कधीकधी आमचेच काम असते. 2012 मध्ये हर्टफर्डशायरमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात जीएम गव्हाची चाचणी सुरू होती. मावा ही कीड संकटात जो गंध सोडते, तोच गंध हा गहू सोडणार होता, म्हणजे मावा दूर पळेल अशी कल्पना. पैसा सरकारी होता, कंपनीचा नव्हता. हे शेत उद्ध्वस्त करण्याची हाक काही गटांनी दिली. शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्यांना चर्चेला बोलावले. मुख्य निदर्शनांपूर्वीच एक जण आत घुसला आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. मुख्य निदर्शने पोलिसांनी शेताबाहेरच थोपवली. प्रयोगाचा खर्च सुमारे 7 लाख 32 हजार पौंड होता. कुंपण आणि पहारा यांवर 22 लाखांहून अधिक पौंड गेले.

आणि निष्कर्ष काय निघाला? 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला: प्रयोगशाळेत पळणारा मावा शेतात पळाला नाही. गहू अपयशी ठरला. ते शेत त्या दिवशी उपटले गेले असते, तर विरोधकांच्या हाती आलेला हा भक्कम पुरावा कधीच जन्माला आला नसता. म्हणून माझ्या उपटणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की व्यापारी पिकावर रोष काढणे आणि प्रश्नाचे उत्तर शोधणारा प्रयोग मोडणे यांत फरक करा. प्रयोग मोडणाऱ्याला न्यायालयाने भरपाई द्यायला लावली, तर त्यात मला अन्याय दिसत नाही.

पण भरपाई वेगळी आणि धाक वेगळा. फ्रान्समध्ये जोझे बोव्हे या शेतकरी नेत्याला जीएम रोपे नष्ट केल्याबद्दल 2003 मध्ये तुरुंगात जावे लागले. पुढे 2008 मध्ये तिथे जीएम पीक नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हाच ठरवला गेला: दोन वर्षांपर्यंत कैद आणि 75 हजार युरोंपर्यंत दंड. मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा आधीपासून होताच. मग ठरावीक पिकासाठी वेगळे कलम कशाला? त्यातून मालमत्तेपेक्षा एका धोरणाचे रक्षण अधिक होते. इंग्लंडमध्येही 2022 आणि 2023 च्या कायद्यांनी निदर्शकांवरची बंधने बरीच आवळली. ‘सार्वजनिक उपद्रवा’साठी आता दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिंगच्या ज्यूरीसारखा निकाल आज लागेल का, याची मला खात्री वाटत नाही.

भारतात तर याहून पुढचे पाऊल टाकायचे घाटत होते. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाच्या 2009 च्या मसुद्यात एक कलम होते. पुराव्याशिवाय किंवा शास्त्रीय नोंदीशिवाय जो कोणी अशा उत्पादनांच्या सुरक्षिततेविषयी जनतेची दिशाभूल करील, त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड. पुरावा म्हणजे काय, हे कोण ठरवणार होते? अंगाला खाज सुटल्याची तक्रार करणारी कापूस वेचणारी बाई कोणती शास्त्रीय नोंद दाखवणार होती? त्या मसुद्यावर सडकून टीका झाली. पुढे बदललेले विधेयक 2013 मध्ये लोकसभेत आले आणि 2014 मध्ये त्या लोकसभेबरोबरच बारगळले. हे बरे झाले, आणि शास्त्रज्ञ म्हणून मला ते अधिकच बरे वाटते. चुकीच्या विधानाला तुरुंग असता तर आमच्यातले निम्मे आत गेले असते. चूक खोडून काढायची असते, चुकणाऱ्याला कोंडायचे नसते.

मग कायदा मोडण्याची वेळ का येते? बहुतेकदा शासन निर्णयच घेत नाही म्हणून. बीटी वांग्यावर 2010 मध्ये नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, विरोधक सगळे बोलले, भांडले. जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, तो जाहीर चर्चेनंतर आणि कारणे देऊन झाला होता. पण स्थगितीनंतर पुढच्या चाचण्यांचा निश्चित कार्यक्रम ठरला नाही. शेजारच्या बांगलादेशाने 2013 मध्ये तेच वांगे स्वीकारले. आपल्याकडे जीएम मोहरीला समितीने 2022 मध्ये हिरवा कंदील दाखवला आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, अशा पोकळीत चोर बीटी पिकते. त्यात फसवणूक झाली तर शेतकऱ्याला पावती नसते, तक्रारीला जागा नसते. बेनामी पाकिटे विकणारा सापडत नाही आणि उघडपणे पेरणारा मात्र पोलिसांच्या यादीत जातो.

2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या या गुन्ह्यांची थेट कैद काढून तिच्या जागी आर्थिक दंड आणला. सत्याग्रही शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा आहे. पण नदीत विष सोडणाऱ्या कारखानदारालाही तीच सवलत मिळाली आहे, याकडेही आपले लक्ष हवे.

आपण दूर राहतो. आपल्यावर कोणी गुन्हा दाखल करत नाही आणि आपले पीकही बुडत नाही. पण आपण पत्रके काढतो, निवेदनांवर सह्या करतो, संस्थांना देणग्या पाठवतो. यापुढे एखाद्या आंदोलकाच्या समर्थनाचे निवेदन समोर आले तर सही करण्यापूर्वी एक करून पाहा. त्यातला ‘उपटले’ हा शब्द खोडून तिथे ‘पेरले’ लिहा, किंवा उलट. मग पुन्हा वाचा. तरीही सही करावीशी वाटली, तर अवश्य करा. हात अडखळला, तर तो का अडखळला हे आम्हाला जरूर कळवा. विरोधी पत्रे पुढच्या अंकात आधी छापू.

आपला,
संपादक