शाळेंत भूकंपलेखक कशाला?

भूकंप झाला कीं आठ दिवस सर्वत्र तोच विषय चालतो आणि नवव्या दिवशीं तो कोणाच्या स्मरणांतहि राहत नाहीं. त्या आठ दिवसांत खरी माहिती थोडी व अफवा फार, असा प्रकार असतो. अमुक रात्रीं अमुक वाजतां पुन्हां धक्का बसणार, असें कोणीतरी सांगतो आणि चांगलीं जाणतीं माणसें अंथरुणें घेऊन अंगणांत निजतात. वास्तविक भूकंपाचा दिवस व वेळ आगाऊ सांगण्याची विद्या आजमितीस जगांत कोणासहि अवगत नाहीं. हें आमच्या मुलांना पुस्तकांतून ठाऊक असतें. परंतु ठाऊक असणें निराळें आणि पटणें निराळें. तें पटावयाचें तर प्रत्येक हायस्कुलांत एक भूकंपलेखक यंत्र असावें आणि तें मुलांनींच तयार करून चालवावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें वाचून कित्येक पालक हंसतील. हें काम वेधशाळांचें. शाळेनें परीक्षेचे निकाल पाहावे, असें ते म्हणतील. वेधशाळांचीं यंत्रें उत्तम असतात यांत वाद नाहीं. पण या शास्त्राच्या इतिहासांत मोठा वांटा दुसऱ्याच उद्योगांत असलेल्या माणसांचा आहे. फॉन रेबर-पाश्विट्झ हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओळंब्याचे अतिसूक्ष्म ढळणें मोजीत होता. १७ एप्रिल १८८९ रोजीं पॉट्सडॅम येथील त्याच्या लोलकानें एक विलक्षण हालचाल नोंदली. पुढें एका नियतकालिकांत जपानमधील भूकंपाची वार्ता वाचून त्यानें वेळ ताडून पाहिली, आणि दूरच्या भूकंपाची लाट पृथ्वीपलीकडून येऊन पोंचते हें सिद्ध झालें. जपानांत खाणशास्त्र शिकविणाऱ्या जॉन मिल्न यानें १८९५ सालीं इंग्लंडांत परतल्यावर आपल्या घरींच यंत्रें मांडलीं. मिल्नच्या धर्तीचीं यंत्रें १८९७ च्या आसामांतील महाभूकंपानंतर कलकत्त्यास व मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत आलीं. आणि त्या यंत्रांत पुढें मोठी सुधारणा केली ती जे. जे. शॉ या गृहस्थानें. त्याचा धंदा काय होता म्हणाल, तर वस्तु गहाण ठेवून पैसे देण्याचा!

यंत्राची मूळ कल्पना मोठी गमतीची आहे. जमीन हालली कीं तिच्यावरील सर्वच वस्तु हालतात. मग तिचें हालणें मोजावयाचें कशाच्या आधारानें? जड वजन टांगून ठेवलें तर जडत्वामुळें तें क्षणभर मागें राहतें व खालची जमीन सरकते. या दोहोंतील अंतर हीच भूकंपाची नोंद. परंतु दूरच्या भूकंपाच्या लाटा फार संथ असतात. कित्येकांस एक हेलकावा पुरा करण्यास वीस सेकंद लागतात, आणि इतक्या सावकाश झुलणारा साधा लोलक टांगावयाचा तर त्याची दोरी सुमारें शंभर मीटर लांब पाहिजे. एवढी उंच इमारत कोणत्या शाळेची आहे? यावर तोड म्हणजे आडवा लोलक. अंगणाच्या फाटकाचा खांब किंचित् कललेला असला तर फाटक ढकलल्यावर मागेंपुढें होऊन अखेर एका ठराविक जागीं थांबतें, हें सर्वांनीं पाहिलें असेल. खांब जितका ओळंब्याच्या जवळ, तितकें फाटक अधिक सावकाश झुलतें. आडवा लोलक म्हणजे असेंच एक लहानसें फाटक. एक गज, त्याच्या टोकाशीं शिशाचें वजन, त्यास तोलून धरणारी तार, तांब्याच्या तारेचें एक वेटोळें व एक चुंबक, एवढें त्याचें साहित्य. वेटोळें व चुंबक एकमेकांपाशीं हालले कीं अल्पशी वीज उत्पन्न होते, आणि ती संगणकापर्यंत नेली कीं पडद्यावर रेघ उमटते. जेम्स लेहमान यांच्या अशा घरगुती यंत्राची कृति १९७९ सालीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून अनेक हौशी लोकांनीं तें बनविलें आहे.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. एकदां झुलूं लागलेलें वजन आपलें आपण झुलतच राहतें, आणि मग भूकंपाची हालचाल कोणती व वजनाची कोणती हें उमजेनासें होतें. मिल्नच्या यंत्रांत हाच दोष होता. शॉनें चुंबकांच्या साह्यानें तो काढून टाकला. मुलांनींहि आपलें यंत्र प्रथम शमनावांचून चालवून पाहावें, म्हणजे शॉची थोरवी त्यांस व्याख्यानावांचून कळेल.

आरंभींचे कित्येक आठवडे भूकंप दिसणारच नाहीं. शिपायाचीं पावलें, रस्त्यावरील बस, मधल्या सुट्टींतील दांडगाई, हें सर्व दिसेल. पावसाळ्यांत समुद्राच्या लाटांची बारीक थरथरहि उमटेल. या थरथरीचा मान्सून व वादळें यांच्याशीं असलेला संबंध कुलाब्याच्या वेधशाळेचे सुधांशु कुमार बानर्जी यांनीं अभ्यासून १९३० सालीं प्रसिद्ध केला. जी नोंद दुसऱ्यास केवळ कटकट वाटली असती, तींतून त्यांनीं शास्त्र काढलें.

मग एके दिवशीं खरा भूकंप येईल. प्रथम जलद लहर, मागाहून मंद लहर. भूकंप जवळचा असेल तर दोहोंच्या येण्यांत जितके सेकंद जातील, तितक्यांस सुमारें आठांनीं गुणावें. उत्तर येईल तें भूकंपाचें किलोमीटरांतील अंतर. अंतर कळलें तरी अशा एका यंत्रावरून दिशा कळत नाहीं. त्यासाठीं निरनिराळ्या गांवच्या तीन शाळांनीं नकाशावर आपापलें वर्तुळ काढलें पाहिजे. क्रिकेटच्या सामन्यांपलीकडे शाळांनीं एकमेकींस पत्र लिहिण्याचें हें एक चांगलें निमित्त आहे.

हा केवळ खेळ आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हैती देशाची हकीकत पाहावी. २०१० च्या भयंकर भूकंपाच्या वेळीं तेथें यंत्रांचें जाळें नव्हतें. २०१९ सालीं सामान्य नागरिकांच्या घरांत अल्प किंमतीचीं यंत्रें बसविण्यांत आलीं. १४ ऑगस्ट २०२१ रोजीं पुन्हां मोठा भूकंप झाला, तेव्हां राष्ट्रीय जाळ्यांतील यंत्रें बंद होतीं व अशांततेमुळें शास्त्रज्ञांस तेथें जाणें कठीण होतें. भूकंपाजवळची नोंद मिळाली ती या घरगुती यंत्रांकडून.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे तेथें व आसपास सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. तो प्रदेश स्थिर मानला जात असे; परंतु आदल्या वर्षापासून तेथें लहान धक्के जाणवत होते. जवळच्या एखाद्या शाळेंत यंत्र असतें तर अनर्थ टळला असता, असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे अफवा पसरविणाऱ्यांच्या पंक्तीस बसणें होय. पण पायांखालीं काय घडत आहे, याची एक प्रामाणिक वही त्या गांवांपाशीं असती.

खर्चाची मला फारशी चिंता वाटत नाहीं. तळमजल्यावरील रहदारीपासून दूरची एक खोली, घड्याळाची अचूक वेळ आणि नोंदवहींत रोज सही करणारीं दोन मुलें एवढें पुरे. अडचण येईल ती दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टींत, कारण वसतिगृह रिकामें होतें आणि भूकंपास सुट्टी नसते. शाळेजवळ राहणाऱ्या कोणी पालकांनीं तेवढे दिवस किल्ली सांभाळण्याचें पत्करल्यास पुढील सत्रापासून आरंभ करतां येईल.