जुनं ते सोनं? सर्व्हरला विचारा!

घरात एक पोरगं किंवा पोरगी 'कम्प्युटरमध्ये' असली की अख्ख्या खानदानाचं टेक्निकल सपोर्ट सेंटर तेच! आठवडाभर मिहानच्या एसी ऑफिसात कोड घासायचा, रविवारी कामठीला निवांत पडायचं, तेवढ्यात काकांचा फोन. त्यांच्या कोचिंग क्लासची साइट २०१२ मध्ये कुणीतरी बनवून दिलेली. होस्टिंगवाल्यानं मशीन बदललं आणि साइट आडवी झाली. काकांची डिमांड एकदम क्लिअर असते, 'मस्त चालून राहिली होती ना बे! ते जुनंच टाकून दे.'

हे 'जुनं' म्हणजे बहुतेक वेळा अपाचे २.२. डिसेंबर २००५ मध्ये आलेली ही आवृत्ती सेंटओएस ६ सोबत फुकटात यायची, म्हणून त्या काळातल्या छोट्या साइट्स तिच्यावरच पोसल्या. जुलै २०१७ मध्ये २.२.३४ ही तिची शेवटची आवृत्ती निघाली. त्यानंतर फुल्ल स्टॉप.

जुनं टाकता येतं का? आरामात येतं. पण त्याआधी एक मिनिट थांबा. साइट खरंच अपाचेमुळे अडलीय का, ते एरर लॉग उघडून बघा. २०१२ मध्ये आलेल्या २.४ नं 'कुणाला आत सोडायचं' हे सांगायची भाषाच बदलली. जुन्यात 'ऑर्डर अलाऊ, डिनाय' लिहायचे, नव्यात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहितात. 'ॲक्सेस कॉम्पॅट' हे मॉड्यूल बंद असेल तर जुनी ओळ दिसताच नवा सर्व्हर थेट ५०० नंबरची एरर तोंडावर फेकतो. असं असेल तर इलाज दोन-चार ओळींचा. त्या बदला, चहा प्या, विषय संपला!

पण कधी कधी गाडी खरंच अडते. २.२ साठी बनवलेलं एखादं मॉड्यूल असतं, त्याचा सोर्स कोड कुणाकडेच नसतो आणि २.४ ते लोड करत नाही. मग जुन्याला पर्याय नाही. अशा वेळी करायचं ते असं.

पहिलं, डाउनलोड कुठल्याही भलत्या साइटवरून नको. अपाचे फाउंडेशनच्या आर्काइव्हमध्ये सगळ्या जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत. सोबत सहीची फाइल असते, तीही ताडून बघा.

दुसरं, सिस्टिमच्या अपाचेला हात लावू नका. 'कॉन्फिगर' चालवताना प्रीफिक्समध्ये 'ऑप्ट'खालचा वेगळा फोल्डर द्या, मग 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल'. दोन्ही अपाचे एकाच मशीनवर सुखानं नांदतात, फक्त पोर्ट वेगळा हवा. नवा कंपायलर फारच कुरकुर करायला लागला, तर जुनी डिस्ट्रो डॉकरच्या डब्यात घालून तिथे चालवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हाताऱ्याला रस्त्यावर उभं करू नका! 'लिसन'च्या ओळीत १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८० लिहा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनशी बोलेल. बाहेरच्या जगासमोर ताजं २.४ बसवा आणि त्यानं प्रॉक्सी बनून निरोप आत पोचवावा. एचटीटीपीएसही त्याच्याकडेच ठेवा, कारण २.२ चं एसएसएल मॉड्यूल ओपनएसएसएल १.१ पासून पुढे कंपाइलच होत नाही.

एवढा पहारा कशाला? सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे २.२.३४ नंतर दोनच महिन्यांत, 'ऑप्शन्सब्लीड' नावाचं भोक उघड झालं. विशिष्ट सेटिंग असेल तर सर्व्हर आपल्या मेमरीतले तुकडे कुणालाही वाटत सुटायचा. २.४ ची दुरुस्त आवृत्ती आली, २.२ ची नवी आवृत्ती आलीच नाही. आता काकांच्या साइटवर काय आहे ते आठवा. पोरांची नावं, फोटो, मार्क, आईबाबांचे मोबाइल नंबर. साइट काकांची असली तरी ती माहिती दुसऱ्यांच्या लेकरांची आहे, बॉस!

म्हणजे नवं तेवढं चांगलं? तसंही नाही. २०२१ मध्ये २.४.४९ आलं आणि सोबत असं भोक घेऊन आलं की बाहेरचा माणूस, सेटिंग ढिली असेल तर, नको त्या फाइल वाचू शकायचा. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं, तेही अर्धवट. ७ तारखेला २.४.५१ आल्यावर कुठे जीव भांड्यात पडला. २.४.४८ वर बसलेल्यांना या भोकाचा त्रासच नव्हता!

आणि आकडाही फसवतो. सेंटओएस ७ मध्ये अपाचेचा आकडा शेवटपर्यंत २.४.६ च दिसायचा, पण आत नव्या दुरुस्त्या भरल्या जायच्या. आपल्या कामठीची छावणी १८२१ ची. जुना बंगला उभा राहतो, कारण कुणीतरी दर पावसाळ्याआधी कौलं चाळतं. सेंटओएस ७ ची कौलं चाळणं ३० जून २०२४ ला थांबलं. २.२ ची त्याआधीच, २०१७ मध्ये.

तेव्हा सर्व्हर निवडताना प्रश्न 'जुना की नवा' हा नाहीच. प्रश्न एकच, याची दुरुस्ती आज कोण करतंय? उत्तर 'कुणीच नाही' असेल, तर जुनं बसवाल त्याच दिवशी ते काढायची तारीखही ठरवा आणि काकांकडून वदवून घ्या. फार तर सहा महिने. तोवर त्या मॉड्यूलला पर्याय शोधा, बॅकअप घ्या आणि क्लास सोडून गेलेल्या पोरांची माहिती सर्व्हरवरून उडवा. जी माहिती तिथे नाहीच, ती चोरणार कोण?