विषाणूची नक्कल आणि बार्शीचा पुरावा

बिघडलेली पेशी स्वतःहून मरते, हे शरीराचं मोठं संरक्षण. विषाणूला नेमकं तेच नको असतं. पेशी मेली तर त्याची वाढ खुंटते. म्हणून काही विषाणूंनी पेशीला जगवणाऱ्या मानवी प्रथिनांची नक्कल साधली आहे. एपस्टाईन-बार विषाणूचं बीएचआरएफ१ हे प्रथिन आणि आपलं बीसीएल-२ यांच्यातला अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नाही. पण घडी जुळते आणि कामही तेच, पेशीचं मरण थोपवणं.

आपल्या भागातल्या बायकांच्या जिवावर उठलेला एचपीव्ही हा विषाणूही असाच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मूळ त्याच्यात आहे. त्याच्या ई७ प्रथिनातला पाच अमिनो आम्लांचा नमुना आपल्या सायक्लिन-डी या प्रथिनातही सापडतो. त्या जोरावर ई७ पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला पकडतं. अशा बेबंद पेशीला आपल्या पी५३ या प्रथिनाने संपवायचं, तर विषाणूचं ई६ हे प्रथिन त्या पी५३चाच नायनाट घडवतं.

मात्र संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा पंधरा-वीस वर्षं जातात. एवढ्या अवधीत रोग गाठता येतो, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणींचं देणं आपल्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटना पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा तपासणी सांगते, मुलींना पंधराव्या वर्षाआधी लस सांगते. चाचणीचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो. मग सोलापुरात विड्या जमा करायला कारखान्यात येणाऱ्या बायकांसाठी तिथेच ही सोय का नसावी? त्यांचा रोज बुडता कामा नये. महापालिका आणि जिल्हा परिषदेने सुरुवात तिथूनच करावी.