रिक्षातले भीमगीत कानाला नको, मनाला भिडू द्या

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे रिक्षा, टेम्पो आणि पिकअपवर चालतात. दिवसभर गाडी हाकणाऱ्याला गाण्यांची सोबत लागते. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सीटमागच्या मोठ्या स्पीकर-बॉक्सला आणि शेवटपर्यंत पिळलेल्या बटणाला.

रिक्षात बॉक्स मागे, चालक पुढे. त्याला ऐकू यावे म्हणून तो आवाज वाढवतो आणि मारा बसतो मागच्या पॅसेंजरच्या कानांवर. त्यात आईच्या मांडीवरचे बाळही असते. चालकाचे कान तर रोज आठ-दहा तास हे सोसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकला तर चालतो, ९० डेसिबलचा मात्र फक्त ४ तास. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज जास्त आहे असे समजा.

दुसरा धोका रस्त्यावरचा. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत मागच्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकूच आला नाही, तर आतल्या पेशंटची मिनिटे वाया जातात. ती बाळंतपणाला निघालेली आपलीच बहीण असू शकते.

काही तरुण विचारतात, "इतरांचे डीजे चालतात, मग आपल्याच गाण्यांवर डोळा का?" प्रश्न रास्त आहे. नियम सगळ्यांना सारखाच लागला पाहिजे. पण ऐकू येईनासे झाले, तर त्या चालकाची रोजीरोटी आपल्याच घरातून जाते. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांची ताकद शब्दांत होती. बेसने छाती धडधडली आणि शब्दच कळले नाहीत, तर बाबासाहेबांचा विचार पोचणार कसा?

म्हणून एवढे करा. छोटा स्पीकर पुढे, चालकाजवळ बसवा. बेस कमी ठेवा. पॅसेंजर बसला की आवाज उतरवा. गाणी स्टँडवरच लावून घ्या, चालत्या गाडीत मोबाइलवर शोधू नका. वायरिंग जाणकाराकडून, फ्यूज टाकून करून घ्या. सैल जोड तापून आग लागू शकते.

कानात शिट्टी वाजत राहिली, कान बधिर वाटले, तर तेल घालू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एकाएकी ऐकू येणे बंद झाले, तर त्याच दिवशी जा. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

पंचशीलातील पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते, कारण नशेत भान सुटते. हँडल हातात असताना आवाजानेही भान सुटता कामा नये.

जय भीम! नमो बुद्धाय!