हात धुण्याचे पाणी कोणी आणावयाचे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारताना शासनाने फर्मावले : घरी राहा, वारंवार हात धुवा. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आदेश सरकारचा, हंडा मात्र बाईच्या डोक्यावर!

शहापूर-मुरबाडची अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. उचल नवऱ्याच्या नावे, मजुरी जोडप्याची. चिखल तुडविणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईचे नाव मालकाच्या वहीत सहसा नसतेच. जेथे भट्ट्या थांबल्या तेथे मजुरी बुडाली, उचल मात्र अंगावर राहिली. केंद्राने महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकले. रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या २३८ रुपये रोजाने ही जेमतेम दोन दिवसांची मजुरी. खाते नसलेलीला तीही नाही. भांडवलाला हे सोयीचेच असते : ज्या श्रमाची नोंद नाही, त्याची भरपाईही नाही.

म्हणून भट्टीच्या वहीत बाईचे नाव आणि तिची मजुरी स्वतंत्र लिहिली गेली पाहिजे, आणि ती वही कामगार खात्याने भट्टीवर जाऊन तपासली पाहिजे. उचल दिवाळीच्या सुमारास वाटली जाते. कार्यकर्त्यांनी त्याआधीच पाड्यांवर पोहोचावयास हवे.